भावफलकाचा प्रोग्राम आणि दुरुस्तीची वही

यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा आणि दिग्रसच्या मधल्या पट्ट्यात एक गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीच्या जुन्या इमारतीत अभ्यासिका चालते. बसणारी मुलं बहुतेक पोलीस भरती, तलाठी, नाहीतर एमपीएससी करणारी. त्यांतल्या काही जणांना मी आठवड्यातून एकदा नेटवर्क प्रोग्रामिंग शिकवतो. भाषा पायथन, संगणक जुने, स्विच एक, वायफाय एक, आणि वीज गेली की इन्व्हर्टरवर जेवढं चालेल तेवढं.

शिकायला खरं काम हवं म्हणून गटानं भावफलक करायचं ठरवलं. दारव्हा, दिग्रस आणि यवतमाळच्या बाजार समितीत माल घेऊन गेलेली माणसं फोनवर भाव सांगतात. कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा. आतल्या संगणकावर कुणीतरी ते भरतं आणि पारासमोरच्या खिडकीत ठेवलेल्या पडद्यावर ते दिसतात. ज्यांना हवं ते आपल्या मोबाइलवर टर्मक्स या ॲपमध्ये तोच प्रोग्राम चालवून बघतात. मधे इंटरनेट लागत नाही, सगळं अभ्यासिकेच्या नेटवर्कवर.

प्रोग्राम लिहिला गावातल्याच एका मुलानं. तो अमरावतीला इंजिनीअरिंगला आहे, शनिवार-रविवार घरी येतो. गटात सॉकेटवर, म्हणजे दोन प्रोग्राम नेटवर्कवरून ज्यातून बोलतात त्या जोडणीवर, पहिलं काही चालवून दाखवलं ते त्यानंच, त्यामुळे सगळे त्याला मानतात. त्यानं फाइल सामायिक फोल्डरमध्ये ठेवली, सगळ्यांनी ती वाचून शिकावं म्हणून. आणि फाइलच्या पहिल्या ओळीत लिहिलं, ‘चालू आहे. कोणी हात लावू नये.’

ही ओळ वाईट हेतूनं लिहिलेली नव्हती. आधी दोन-तीन वेळा कुणीतरी काहीतरी बदलून ठेवलं होतं, आणि शनिवारी आल्यावर ते निस्तरण्यात त्याची संध्याकाळ गेली होती. पण या प्रकरणाची सुरुवात त्याच ओळीपासून होते, म्हणून ती आधी सांगितली.

पडद्यावर ‘क’

फलकावर भाव भरायचं काम बारावी सायन्सची एक मुलगी करायची. काही दिवसांनी पडद्यावर कापूस, सोयाबीन ही नावं रोमन अक्षरांत दिसायला लागली. कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही. रोज पारावर बसणाऱ्या एका आबाजींच्या मात्र आलं. ते खिडकीपाशी येऊन म्हणाले, “काऊन वं पोरी, आपला कापूस इंग्रजीत काऊन लिहून रायली?”

“मराठीत लिहिलं की फलक थांबूनच जाते, आबाजी.”

मी त्या वेळी आत होतो. विचारलं तर कळलं की हे बरेच दिवस चाललंय. तिनं मराठीत ‘कापूस’ लिहिलं की पडद्यावर नुसता ‘क’ यायचा आणि नंतर काहीच नाही. मग ती दोन्ही संगणक बंद करून पुन्हा चालू करायची. एके दिवशी रोमनमध्ये लिहून पाहिलं, ते चाललं, म्हणून तेच धरलं. प्रोग्राम लिहिणाऱ्याला सांगितलं का, यावर ती म्हणाली, “दादाचं कोड आहे. मले काय समजते त्यातलं.”

तिला सगळं समजत होतं. कोणत्या परिस्थितीत बिघडतं, कोणत्या परिस्थितीत नाही, हे ती अचूक सांगत होती. एखादी चूक शोधायला याहून जास्त काही लागत नाही. पण आपल्याकडे मोठ्याच्या कामातली चूक काढणं म्हणजे त्याचा पाणउतारा, अशीच समजूत असते. त्यात तो शिकायला अमरावतीला, ही गावात. आणि वर फाइलच्या पहिल्याच ओळीत बजावलेलं. तिनं चुकीला वळसा घालून वाट काढली, आणि त्या वळशामुळेच चूक झाकली गेली.

शनिवारी तो आल्यावर तिनं माझ्या आग्रहावरून सांगितलं. त्याचं पहिलं उत्तर होतं, “माझ्याकडे तर चालते. तुझ्या मशीनचा प्रॉब्लेम असन.”

हे उत्तर खोटं नव्हतं. त्याच्याकडे खरंच चालत होतं. नेटवर्कच्या कामात या वाक्याला इतका मान देऊ नये असं मी शिकवताना पहिल्या दिवसापासून सांगत आलोय, कारण इथं ‘माझ्याकडे’ या शब्दात फार काही दडलेलं असतं. त्यानं चाचणी घेतली होती ती एकाच संगणकावर, पाठवणारा आणि घेणारा दोन्ही तिथेच, आणि मजकूर रोमनमधला ‘हॅलो’. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये संगणकाच्या आतल्या आत, म्हणजे लूपबॅकवर, एका पॅकेटची (एका खेपेत जाणाऱ्या तुकड्याची) कमाल मर्यादा 65536 बाइट असते. बाहेर इथरनेटवर, म्हणजे केबलच्या नेटवर्कवर, ती 1500. आतल्या आत जो मजकूर अखंड जातो, तो बाहेर पडला की तुकड्यांत येऊ शकतो. वायफायची रेंज, मधला स्विच, समोरच्या संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम, भरणाऱ्याची भाषा, यांतलं काहीच त्याच्या चाचणीत नव्हतं. लिहिणारा कितीही हुशार असो, घरबसल्या हे सगळं त्याला दिसणारच नाही. नेटवर्कचा प्रोग्राम बरोबर आहे का, हे दुसऱ्याच्या संगणकावर दुसऱ्याचा हात लागल्याशिवाय कळत नाही, म्हणून दुसऱ्यानं दाखवलेली चूक हा त्या कामाचाच भाग आहे. ज्याला ती नको असते, त्याचं काम अर्ध्यावर राहतं.

त्याला मी एकच सुचवलं. “चालतं की नाही यावर बोलू नका. तिच्याकडे वेगळं काय आहे ते दोघं मिळून बघा.”

पंधरा बाइट

दोघं शेजारी बसले. तिनं ‘कापूस’ टाइप केलं, पडद्यावर ‘क’ आला, फलक अडकला. मग त्यानं प्रत्येक टप्प्यावर येणारे बाइट छापायला लावले. पुढचा अर्धा तास मला इतका मोलाचा वाटतो की तो सविस्तर सांगतो.

टीसीपी म्हणजे नेटवर्कवरून मजकूर क्रमानं आणि न हरवता पोचवायची पद्धत. तिच्यात मजकुराला सीमा नसतात. पाटानं पाणी सोडावं तसं ते असतं: वरून दोन बादल्या ओतल्या तरी खाली कुठे एक संपली आणि दुसरी सुरू झाली ते कळत नाही. म्हणून त्यानं प्रत्येक मजकुराच्या आधी चार बाइटमध्ये लांबी पाठवायची पद्धत ठेवली होती. घेणाऱ्यानं आधी ते चार बाइट वाचायचे, लांबी काढायची, आणि मग तितके बाइट पूर्ण होईपर्यंत वाचत राहायचं. पद्धत अगदी योग्य. चूक लांबी मोजण्यात होती. त्यानं पायथनच्या, अक्षरांचे घटक मोजणाऱ्या ‘लेन’नं मूळ मजकुराची लांबी घेतली, आणि पाठवला मात्र यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत लिहायच्या पद्धतीत, बदललेला मजकूर.

रोमनमधल्या ‘हॅलो’त पाच अक्षरं आणि पाचच बाइट. चाचणी पास. ‘कापूस’मध्ये क, काना, प, दीर्घ ऊकार, स असे पाच घटक, आणि यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या प्रत्येक घटकाला तीन बाइट. म्हणजे लांबी सांगितली 5 आणि प्रत्यक्षात गेले 15.

त्यांनी ते पंधरा आकडे वहीत ओळीनं लिहिले:

224 164 149, 224 164 190, 224 164 170, 224 165 130, 224 164 184.

घेणाऱ्यानं पहिले पाच वाचले. पहिल्या तिनांचा ‘क’ झाला. उरले 224 आणि 164, म्हणजे कान्याचे दोन तृतीयांश. इथं पायथननं खरं तर एरर देऊन थांबायला हवं होतं. पण डीकोड करताना, म्हणजे बाइटांची परत अक्षरं करताना, ‘इग्नोअर’ हा पर्याय दिलेला होता, म्हणून तुटलेले बाइट त्यानं गुपचूप टाकून दिले आणि पडद्यावर ‘क’ दाखवला. मग पुढच्या मजकुराची लांबी म्हणून त्यानं पुढचे चार बाइट घेतले: 190, 224, 164, 170. कान्याचा उरलेला बाइट आणि ‘प’चे तीन. नेटवर्कच्या क्रमानं ती संख्या होते 3,20,23,93,258.

फलक अडकला नव्हता. तो तीनशे वीस कोटी बाइटांची वाट बघत बसला होता. हातात होते सहा.

तो आकडा कॅल्क्युलेटरवर आला तेव्हा मुलगी हसली नाही, तिनं परत एकदा गुणाकार करून पाहिला. तो मात्र काही वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आधी एनकोड करायचं, मग मोजायचं. एवढंच होतं.” आणि लगेच, “तो इग्नोअर पण काढतो. त्यानंच लपवलं हे.”

दोन ओळींचा बदल. त्या दोन ओळींपर्यंत पोचायला जी गोष्ट लागली ती म्हणजे मराठीत टाइप करणारी एक मुलगी. मराठी गावातल्या, मराठी माणसांसाठीच्या प्रोग्रामची चाचणी मराठीत कुणी घेतली नव्हती. हे फक्त या गावाचं नाही, आपण सगळेच प्रोग्रामिंग शिकताना रोमनमध्ये ‘हॅलो’ लिहून पुढे जातो. ज्यांना शिकवायचं आहे त्यांनी पहिल्या धड्यापासून चाचणीचा मजकूर देवनागरीत ठेवावा असं माझं ठाम मत झालं आहे.

पहिली ओळ बदलली

त्याच संध्याकाळी त्यानं तीन गोष्टी केल्या. त्यातली एक मी सुचवली होती, बाकीच्या दोन त्याच्या.

फाइलची पहिली ओळ काढून तिथं लिहिलं: ‘चूक दिसली तर टेबलावरच्या वहीत लिहा. काय केलं, काय दिसायला हवं होतं, काय दिसलं. कोड समजत नसलं तरी चालेल.’

दुसरं, जिथं बदल केला तिथं बदलाचं कारण आणि चूक कुणी दाखवली ते लिहिलं. लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, कामात ही रीत जुनी आहे. बदलाच्या नोंदीखाली ‘रिपोर्टेड बाय’ अशी ओळ टाकून चूक कळवणाऱ्याचं नाव देतात, मग त्यानं स्वतः कोडची एक ओळ लिहिलेली नसली तरी. त्याला हे ठाऊक होतं, गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, शिकताना त्यानं वाचलं होतं. आपल्या अभ्यासिकेतही ते लागू होतं, हे त्याला त्या संध्याकाळी पटलं.

तिसरं, फोल्डरमधल्या ‘फायनल’, ‘फायनल दोन’, ‘खरी फायनल’ अशा सगळ्या प्रती काढून गिटचं एक भांडार केलं. आता कुणी काही बदललं तरी काय बदललं ते दिसणार होतं आणि मागे फिरता येणार होतं. ‘हात लावू नये’ असं लिहिण्यामागची त्याची भीती खरी होती. ती गिटनं मिटली. लोकांना नुसतं ‘मन मोठं कर’ म्हणून चालत नाही. मोडलेलं परत जुळवता येईल एवढी सोय असेल, तरच माणूस दुसऱ्याचा हात लागू देतो.

तरी वहीत लगेच कुणी काही लिहिलं नाही. पहिल्या पानावर मुलीची नोंद, पुढे कोरं. स्वागताची ओळ वाचून कुणी येत नाही, आधी आलेल्याचं काय झालं ते बघून येतात. गटातल्या दोघा-तिघांनी तिच्या नोंदीशेजारी ‘पटली, बदल केला’ आणि तारीख वाचली, फाइलमध्ये तिचं नाव बघितलं, तिच्याशी दादा नीट बोलतो की नाही याचाही अंदाज घेतला असणार. त्यानंतर वही भरायला लागली.

वहीत प्रत्येक नोंदीपुढे निकाल लिहायचा, ही कल्पना आम्ही आरएफसींवरून घेतली. इंटरनेटचे नियम ज्या आरएफसी नावाच्या कागदांत लिहिलेले असतात, त्यातला पहिला कागद स्टीव्ह क्रॉकर यांनी 7 एप्रिल 1969 ला लिहिला. तेव्हापासून हे कागद मतं आणि हरकती मागतच निघाले. छापून झालेल्या आरएफसीत मागाहून बदल करत नाहीत. चूक सापडली तर ती वेगळ्या यादीत नोंदवतात आणि तिच्यापुढे स्थिती लिहितात: नुसती कळवलेली, तपासून मान्य, नाकारलेली, किंवा पुढच्या आवृत्तीसाठी राखून ठेवलेली. टीसीपीचा दीर्घकाळ प्रमाण राहिलेला कागद, क्रमांक 793, सप्टेंबर 1981 चा. त्यात सापडलेल्या आणि साठत गेलेल्या दुरुस्त्या धरून ऑगस्ट 2022 मध्ये 9293 आला, जवळजवळ 41 वर्षांनी. ज्या टीसीपीवर आपला भावफलक चालतो, त्याच टीसीपीत लोकांनी चार दशकं चुका दाखवल्या आणि कुणीतरी त्या नीट सांभाळून ठेवल्या. मुलांना हे सांगितल्यावर वहीतल्या चार शब्दांना वजन आलं: आली, पटली, नाकारली, पुढे.

लाइनमन भाऊंचा अर्धा सेकंद

चांगल्या दुरुस्तीचं स्वागत सोपं असतं. खरी परीक्षा चुकीची दुरुस्ती आल्यावर होते, म्हणून हा भाग या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

गटात लाइनमनचं काम करणारे एक भाऊ आहेत, वयानं सगळ्यांत मोठे, संध्याकाळी ड्यूटी संपवून येतात. त्यांच्या मोबाइलवर प्रोग्राम अधूनमधून पडायचा. एरर यायची की चार बाइट हवेत आणि तितके नाहीत. कोपऱ्यातल्या टेबलावर बसलं, जिथं वायफाय कमी येतं, की जास्त वेळा. त्यांनी वहीत सगळं नेमकं लिहिलं, आणि दुरुस्तीही करून आणली: लांबी वाचायच्या आधी प्रोग्राम अर्धा सेकंद थांबवायचा.

“म्या अर्धा सेकंद थांबवलं भाऊ, मंग एकदाबी नाई पडलं.”

आता हे नाकारायचं कसं? माणूस मोठा, मेहनत केलेली, आणि वर ‘चालतं’ म्हणून दाखवतोय. मुलगा अडचणीत पडला. त्याला दिसत होतं की थांबणं हा उपाय नाही. चार बाइट मागितले की चारच येतील अशी टीसीपीची हमी नसते. एक येऊ शकतो, दोन येऊ शकतात. आधीच्या मजकुरानं पॅकेट भरत आलं असेल तर लांबीचे चार बाइट दोन पॅकेटांत विभागले जातात. अर्धा सेकंद थांबलं की दुसरं पॅकेट बहुतेक वेळा तोवर पोचलेलं असतं, एवढंच. मजकुराचा भाग पूर्ण होईपर्यंत वाचायची काळजी प्रोग्राममध्ये होती, लांबीच्या चार बाइटांसाठी ती घेतलेली नव्हती. खरी चूक तिथं.

त्यानं ‘नाई’ म्हटलं नाही आणि ‘हो’ही म्हटलं नाही. एक छोटा पाठवणारा प्रोग्राम लिहिला, जो मुद्दाम वाईट वागतो: एकेक बाइट पाठवतो आणि प्रत्येक बाइटनंतर एक सेकंद थांबतो. तो भाऊंच्या हातात दिला. “तुमच्या बदलावर हे चालवून पाहा भाऊ.” भाऊंनी चालवलं, आणि पहिल्याच मजकुराला प्रोग्राम पडला. भाऊंनी स्वतःच थांबायची वेळ दोन सेकंद केली, पुन्हा पडला. पाच केली, तेव्हा चाललं. मग त्यांनी हात थांबवला आणि म्हणाले, “म्हणजे नेटवर्क जितकं खराब, तितकं थांबत बसावं लागन. हे काई खरं नाई.”

निष्कर्ष त्यांचा, तोंडही त्यांचं. त्यानंतर दोघांनी मिळून ‘हवे तितके बाइट पूर्ण वाच’ असं एक फंक्शन केलं आणि लांबी व मजकूर दोन्ही त्यातूनच वाचायला सुरुवात केली. समोरच्यानं कनेक्शन बंद केलं तर रिकामे बाइट येतात, तेव्हा वाचणं सोडून द्यायचं, हेही त्यातच घातलं. नाहीतर तो लूप कधी संपलाच नसता.

वहीत त्या नोंदीपुढे दोन निकाल आहेत. निरीक्षण: पटलं. उपाय: नाकारला, आणि खाली कारण. दोन्ही वेगळे लिहायची ही पद्धत आमच्या गटात तिथून सुरू झाली. आलेली दुरुस्ती आपण सहसा एकगठ्ठा घेतो किंवा एकगठ्ठा फेकतो. उपाय चुकला म्हणून निरीक्षण फेकलं, तर चूक तशीच राहते आणि सांगणारा परत येत नाही. आणि भिडेपोटी उपायही स्वीकारला, तर प्रोग्राममध्ये असे अर्धे-अर्धे सेकंद साठत जातात. मोठ्या माणसाचा मान राखण्यासाठी चुकीचं कोड ठेवून घ्यावं लागत नाही. त्याच्या हातात चाचणी द्यावी आणि त्याला वेळ द्यावा.

तो वाईट वागणारा पाठवणारा आता भांडारात कायमचा आहे. नवी दुरुस्ती, कुणाचीही असो, लिहिणाऱ्याची स्वतःचीसुद्धा, आधी त्याच्यासमोर चालवायची.

विंडोजवर दोन सर्व्हर

ही दुरुस्ती थोडक्यात. सर्व्हर, म्हणजे भाव पाठवणारा मुख्य प्रोग्राम, बंद करून लगेच चालू केला की ‘पत्ता वापरात आहे’ अशी एरर यायची. जुनं कनेक्शन टाइम-वेट अवस्थेत, म्हणजे बंद झाल्यावरही काही वेळ राखून ठेवलेलं असतं, लिनक्सवर ही अवस्था 60 सेकंद टिकते. त्यावर पत्ता पुन्हा वापरू देणारा सॉकेटचा पर्याय लावणं हा नेहमीचा उपाय, तो त्यानं लावला होता. पण भाव भरायचा संगणक विंडोजवर. तिथं याच पर्यायाचा अर्थ वेगळा आहे: एकाच पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या एकाच जोडणी क्रमांकावर, दोन प्रोग्राम एकाच वेळी बसू शकतात, आणि नवं कनेक्शन कुणाकडे जाईल याचा नेम नसतो. एका मुलानं वहीत लिहिलं की एकाच वेळी खिडकीतल्या पडद्यावर एक भाव आणि त्याच्या मोबाइलवर दुसरा. कालचा सर्व्हर बंद न करता कुणीतरी आजचा चालू केला होता. निकाल: पटली, विंडोजसाठी पर्याय काढला, लिनक्ससाठी ठेवला. इथंही दोष लिनक्सवर चाचणी घेणाऱ्याला कधी दिसलाच नसता.

कोड न वाचता आलेली दुरुस्ती

वहीतली सगळ्यात वजनदार नोंद ज्यानं सांगितली त्याला कोड येत नाही आणि शिकायचंही नाही. गावातले एक शेतकरी. कापसाची गाडी घेऊन तालुक्याला गेले होते, संध्याकाळी परत आले तर पडद्यावर वेगळाच आकडा. तडक आत येऊन म्हणाले, “सकाळचाच भाव दाखवून रायलं हे. तिथं कवाचाच उतरला. हे पाहून उद्या कोणी गाडी भरली तं?”

वहीत ती नोंद मुलीनं लिहिली, त्यांच्या शब्दांत. मग शोध सुरू झाला. दुपारी वीज गेली होती. भाव भरायचा संगणक बंद पडला होता. खिडकीतला पडदा आणि त्याचा छोटा संगणक इन्व्हर्टरवर, ते चालूच. समोरचा संगणक नीट निरोप घेऊन बंद झाला तर कनेक्शन संपल्याचं कळतं. वीज जाऊन बंद पडला तर निरोप येतच नाही. घेणारा शांतपणे वाट बघत राहतो, त्याच्या लेखी कनेक्शन अजून जिवंतच असतं. टीसीपीत जिवंतपणा तपासायची कीप-अलाइव्ह नावाची सोय आहे, पण ती आपण चालू करावी लागते, आणि चालू केली तरी आपण काही बदललं नाही तर लिनक्सवर पहिली तपासणी 7200 सेकंदांनी होते. दोन तास. तेवढ्या वेळात एखादा माणूस भाव बघून गाडी भरून निघूनही जाईल.

या नोंदीवर गटात बरीच चर्चा झाली. इंजिनीअरिंगच्या मुलाचं म्हणणं, तपासणीचा वेळ कमी करू. मुलीनं वेगळं सुचवलं: सर्व्हरनं दर दहा सेकंदांनी ‘मी आहे’ एवढा छोटा संदेश पाठवावा, तीस सेकंद काहीच आलं नाही तर पडद्यानं भाव पुसून टाकावेत. त्यावर लाइनमन भाऊ म्हणाले, पुसू नका, भाव राहू द्या पण शेजारी वेळ लिहा. जुना भावही माणसाला कामाचा असतो, फक्त तो जुना आहे हे कळलं पाहिजे. शेवटी तेच झालं. प्रत्येक भावाशेजारी तो कधी भरला ती वेळ, आणि संदेश थांबले की वर ठळक अक्षरांत ‘संपर्क तुटला आहे’. या वेळी कुणाचा सल्ला घ्यायचा यावर वाद झाला नाही, कुणाचं वय काय आणि शिक्षण काय हेही कुणी मधे आणलं नाही. मला हा बदल कोडपेक्षा मोठा वाटला, आणि तो आपोआप झाला नाही. आधीच्या प्रत्येक नोंदीला मिळालेल्या वागणुकीतून तो आला.

त्या शेतकऱ्यांना बोलावून बदललेला पडदा दाखवला. निकाल सांगणाऱ्यापर्यंत पोचवायचा, तो वाचू शकत नसेल तर बोलून, असं आम्ही ठरवलं आहे.

आजची स्थिती

मुलाला हे सगळं सोपं गेलं असं म्हणणार नाही. वही भरत गेली तेव्हा मधे एकदा तो मला म्हणाला की आता फाइल उघडली की आपल्याच चुकांची यादी दिसते. मी त्याला गिटमधले बदल क्रमानं वाचायला सांगितले. त्यानं वाचले, आणि पुढच्या सेमिस्टरच्या प्रकल्पासाठी हाच भावफलक घ्यायचं ठरवलं, सगळ्यांच्या नावांसकट. कॉलेजात विचारलं की हे तू एकट्यानं केलं का, तर नाही म्हणून सांगणार आहे.

मुलगी आता कोडमध्ये बदल करते. तिचा पहिला बदल मुलानं तपासला आणि त्यात एक चूक दाखवली, वहीत, त्याच चार शब्दांत. तिनं ती मान्य केली नाही, चाचणी लिहून दाखवली, आणि तिचं बरोबर निघालं. त्या नोंदीपुढे ‘नाकारली’ असं तिच्या अक्षरात आहे.

सध्या वहीत ‘पुढे’ या निकालाची एक मोठी नोंद उघडी आहे, तीही तिचीच. अभ्यासिकेच्या वायफायवर आलेला कुणीही सर्व्हरला जोडून हवा तो भाव पाठवू शकतो, आणि फलक तो निमूट दाखवतो. भाव कुणी पाठवला हे तपासायची सोय प्रोग्राममध्ये नाही. त्यासाठी टीएलएस, म्हणजे जोडणी सुरक्षित करायची पद्धत, आणि ओळख पटवणारी प्रमाणपत्रं समजून घ्यावी लागतील. पुढचे काही आठवडे आम्ही तेच शिकणार आहोत, आणि तोवर भाव फक्त आतल्या केबलच्या संगणकावरूनच स्वीकारायचे अशी तात्पुरती अट लाइनमन भाऊंनी घातली आहे. अट पत्त्यावरून तपासली जाते, आणि पत्ता खोटा सांगता येतो का, हा प्रश्न कुणीतरी पेन्सिलनं त्याच पानावर लिहून ठेवला आहे. त्याच्यापुढे अजून निकाल लिहिलेला नाही.